आसन तापेना!

मे महिन्याच्या दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीत घाईने बसताना तुम्ही एकदा तरी चटका खाल्ला असेल. आपल्या मुलखात गाडीचे आसन आपोआपच तापते आणि ते गार कसे करावे हीच आपली विवंचना असते. त्यामुळे 'काही देशांत गाडीचे आसन मुद्दाम विजेवर तापवतात' असे कोणी सांगितले, तर आपल्याला हसू येते. मलाही आले होते. पण डिसेंबर २०२३ मध्ये कॅनडातील ओटावा शहरी माझ्या ताईकडे तीन आठवडे राहिलो आणि पहिल्याच सकाळी माझे हसू विरून गेले. बाहेर शून्याखाली १८ अंश सेल्सिअस तापमान होते. रात्रभर अंगणात उभ्या असलेल्या गाडीत मी बसलो, तेव्हा जाड पँटमधूनही बर्फाच्या लादीवर बसल्यासारखे वाटले.

गाडीत हीटर नसतो का? असतो. पण साध्या गाडीतला हीटर इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याची उष्णता वापरतो आणि ते पाणी आधी स्वतः तापावे लागते. अशा थंडीत त्याला दहा-दहा मिनिटे लागतात. शिवाय तो हवा तापवतो आणि मग हवेने तुम्हांला ऊब द्यायची. आसनात बसवलेली विजेची तार मात्र शरीराला टेकलेलीच असते. ती वहनाने थेट उष्णता देते, म्हणून मिनिट-दोन मिनिटांत ऊब जाणवू लागते. तिची शक्तीही फार नसते. ताईच्या गाडीतले एक आसन सुमारे ७२ वॅट घेते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून बाहेर पडणारी उष्णता साधारण १०० वॅट असते, यावरून कल्पना करा. आता विजेवर चालणाऱ्या मोटारी आल्या आहेत. त्यांत सगळी हवा तापवायला काही किलोवॅट खर्चावे लागतात आणि ते बॅटरीतूनच जातात. म्हणून तेथे आसनाच्या या इवल्या शेगडीला पूर्वीपेक्षा जास्तच मान मिळतो आहे.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत जनरल मोटर्समधील रॉबर्ट बॅलार्ड यांनी १९५१ मध्ये विजेवर तापणाऱ्या आसनाच्या एकस्वासाठी अर्ज केला आणि १९५५ मध्ये त्यांना एकस्व मिळाले. कॅडिलॅकच्या १९६६ च्या गाड्यांत अशी आसने जादा पैसे मोजणाऱ्यांना मिळू लागली. विमाने बांधणाऱ्या स्वीडनच्या साब कंपनीने १९७१ मध्ये आपल्या मोटारीत ती बसवली आणि त्यानंतर थंड देशांत हा प्रकार हळूहळू रुळला.

आता ताईच्या गाडीची गोष्ट. गाडी वीस वर्षांची, दुसऱ्याकडून घेतलेली. शेजारचे आसन उत्तम तापे आणि चालकाचे मुळीच तापत नसे. चालक म्हणजे आमचे भाऊजी. त्यांच्या मणक्यातील चकती सरकून काही वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झाली होती. कंबर अजून दुखते, म्हणून त्यांना पाठीला शेक हवासा वाटे. कार्यालयाचा रस्ता पस्तीस मिनिटांचा. गॅरेजवाल्याने सांगितलेला खर्च ऐकून त्यांनी तो नाद सोडला होता. माझा भाचा दहावीत आहे. तो म्हणाला, "मामा, तू पदार्थविज्ञान शिकवतोस ना? मग काढ की शोधून!" आता मागे फिरणे शक्य नव्हते.

कोणताही बिघाड शोधताना रोग्याची हकीकत आधी विचारावी, मग नाडी पाहावी. भाऊजींनी सांगितले, "गाडी घेतली तेव्हापासून हे आसन कोमटच होतं. दोन हिवाळे तसंच चाललं. मागच्या वर्षी एक दिवस अचानक कोमटही होईना." हे वाक्य नीट लक्षात ठेवा. मी ते तेव्हा पुरेसे लक्षात घेतले नाही.

आसनाची रचना सोपी आहे. बसण्याच्या भागात, म्हणजे बैठकीत, कापडी गादीवर नागमोडी अंथरलेली बारीक रोधतार असते. तशीच दुसरी पाठीच्या भागात. या गाडीत दोन्ही तारा एकसर जोडलेल्या होत्या, म्हणजे एकीतून निघालेली धारा दुसरीतून जाते. त्याच वाटेवर, बैठकीत चिकटवलेले बटणाएवढे एक तापनियंत्रक असते. तुमच्या इस्त्रीत असते तशीच द्विधातू पट्टी त्यात आहे. ठरावीक तापमान आले की पट्टी वाकते व परिपथ तोडते. निवली की पुन्हा जोडते. बॅटरीकडून फ्यूज, मग बटण, मग आसनाखालचा कनेक्टर, मग या तारा, आणि शेवटी धारा गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतते. ज्या स्क्रूने तार पत्र्याला जोडतात त्याला मिस्त्री लोक 'अर्थ' म्हणतात. अलीकडच्या गाड्यांत द्विधातू पट्टीऐवजी तापमानाबरोबर रोध बदलणारा थर्मिस्टर आणि एक इलेक्ट्रॉनिक पेटी असते. तिच्या वाटेला सहजासहजी जाऊ नये.

आमच्याजवळ एक मोठे भाग्य होते. शेजारचे आसन चांगले होते. प्रयोगशाळेत आपण तुलनेसाठी एक नमुना ठेवतो, तसा येथे आयताच मिळाला. त्याच्या तारांचा रोध मल्टिमीटरने मोजला तर २.३ ओहम भरला. मग मीटरच्या दोन्ही टोकांच्या तारा एकमेकींना टेकवल्या. त्यांचाच रोध ०.३ ओहम निघाला. तो वजा करून आसनाचा रोध २ ओहम. लहान रोध मोजताना ही वजाबाकी विसरणारे माझ्या वर्गात दरवर्षी निम्मे तरी असतात. बॅटरी १२ व्होल्टची, म्हणून धारा ६ अँपिअर आणि शक्ती ७२ वॅट. इंजिन चालू असता विभवांतर १४ व्होल्टच्या आसपास जाते, पण हिशेबाच्या सोयीसाठी आपण १२ च धरू.

मग त्याच चांगल्या आसनावर ताईच्या कोठीतले दहा किलो तांदळाचे पोते ठेवले, म्हणजे माणूस बसला असे समजायचे. पोत्याखाली स्वयंपाकघरातल्या तापमापकाची सळई सरकवली आणि फ्यूजच्या जागी मीटर धारा मोजण्यासाठी जोडला. गाडी बंद गॅरेजात होती, म्हणून इंजिन सुरू न करता फक्त किल्ली फिरवली. बंद जागेत इंजिन चालवले तर कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जातो. धारा ६ अँपिअर दिसली. पारा चढत ४१ अंशांवर गेला आणि धारा एकदम शून्य झाली. ३३ अंशांवर उतरताच पुन्हा ६. भाच्याने हे आकडे वहीत लिहिले. पुढे ते फार कामाला आले.

आता चालकाचे आसन. फ्यूज शाबूत होता. आसनाखालचा कनेक्टर सोडवून गाडीकडच्या बाजूला मीटर लावला. १२.३ व्होल्ट! "वीज तर येते आहे," भाचा म्हणाला, "म्हणजे आसनच बिघडलंय."

थांबा. येथेच पुष्कळ जण फसतात. मीटर व्होल्ट मोजतो तेव्हा त्याचा स्वतःचा रोध सुमारे १ कोटी ओहम असतो. त्यातून जाणारी धारा नगण्य. वाटेत गंजलेल्या जोडापाशी समजा ७ ओहमचा रोध असला, तरी एवढ्याशा धारेने त्यावर किती विभवांतर पडेल? एका व्होल्टाच्या लाखाव्या भागापेक्षाही कमी. मीटरला त्या गंजाचा पत्ताही लागणार नाही. नळाची तोटी बंद असताना पाइपातला दाब पूर्ण दिसतो. पाइप गाळाने भरला आहे की नाही हे तोटी उघडल्यावरच कळते. तसेच येथे धारा वाहू द्यायला हवी.

म्हणून गाडीच्या वळणदिव्याचा २१ वॅटचा बल्ब घेतला आणि त्या दोन टोकांना जोडला. बल्ब मिणमिणला. आता मीटर फक्त ५ व्होल्ट दाखवू लागला. उरलेले ७.३ व्होल्ट वाटेत कोठेतरी गिळले जात होते. धारा मोजली तर १.१ अँपिअर. म्हणजे वाटेतला रोध सुमारे ६.६ ओहम, आपण गोळाबेरीज ७ म्हणू. (बल्बचा रोध सुटा मोजून हा हिशेब करू नका. गार तंतूचा रोध एक ओहमपेक्षाही कमी असतो आणि तापल्यावर तो सुमारे दहा पट वाढतो. नायक्रोमसारख्या रोधतारेचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही, म्हणून तर ती शेगड्यांत वापरतात.)

हा रोध दडला कोठे? बल्ब जळत ठेवून मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला लावले आणि दुसरे आसनाच्या अर्थाच्या तारेला. तेथे शून्याच्या जवळपास आकडा दिसायला हवा. दिसले ७ व्होल्ट. चोर सापडला. गालिचा उचलून पाहिला तर स्क्रूवर हिरवट-तपकिरी गंज चढला होता. तेथे हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. बुटांना चिकटून ते खारे पाणी गाडीत येते, गालिच्यात मुरते आणि पत्र्याला खाते. आपल्याकडे कोकणातल्या किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्याने जे होते, तेच समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या ओटाव्यात रस्त्यावरच्या मिठाने होते.

स्क्रू काढून पत्रा पॉलिशकागदाने चकचकीत घासला, स्क्रू पुन्हा आवळला. बल्ब लखलखला. मीटरवर १२.१ व्होल्ट. भाच्याने टाळी दिली. कनेक्टर जोडला, किल्ली फिरवली आणि आसन गार ते गारच.

आता भाऊजींचे वाक्य आठवा. 'दोन हिवाळे कोमट' आणि 'एक दिवस अचानक बंद' ही एका रोगाची नव्हे, दोन रोगांची लक्षणे होती. गंज हळूहळू चढतो, त्याने आसन कोमट झाले. ७ ओहमचा गंज आणि २ ओहमची तार मिळून ९ ओहम. धारा जेमतेम १.३ अँपिअर, आसनाला मिळणारी शक्ती ७२ वॅटऐवजी साडेतीन वॅट. (आणि गंजलेल्या स्क्रूपाशी? तेथे बारा वॅट! पत्र्याने ती उष्णता पसरवली म्हणून गालिचा करपला नाही.) अचानक बंद पडणे मात्र तार तुटल्याचे लक्षण. आसनाकडच्या टोकांना रोध मोजला, तर मीटर काहीच दाखवेना. परिपथ कोठेतरी उघडा पडला होता.

आसन बाहेर काढणे भाग होते, आणि येथे एक गोष्ट मी खडसावून सांगणार आहे. आसनाखाली पिवळ्या रंगाचा एक कनेक्टर होता. भाचा मीटरची सळई घेऊन त्याच्याकडे वळला आणि मी त्याचा हात धरला. पिवळी जोडणी एअरबॅगची असते. अपघातात एअरबॅग उघडते ती आतल्या लहानशा स्फोटक गोळीने, आणि ती गोळी थोड्याशा धारेने पेटते. रोध मोजताना मीटर स्वतः धारा सोडतो, हे तुम्हांला ठाऊक आहेच. म्हणून आधी बॅटरीचे ऋण टोक सोडवले, गाडीच्या पुस्तकात सांगितलेला वेळ घड्याळ लावून थांबलो आणि मगच भाऊजींनी व मी आसनाचे नटबोल्ट काढले. विद्यार्थ्यांनी हे काम एकट्याने मुळीच करू नये. १२ व्होल्टचा झटका बसत नाही हे खरे, पण पाना चुकून बॅटरीच्या दोन टोकांवर पडला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना लाल होतो.

आसन आणि बॅटरी तळघरात आणली. खोळ उलगडली. पाठीची तार ठीक होती, १ ओहम. बैठकीची तुटलेली. पण चार मीटर नागमोडी तारेत तुटले कोठे? डोळ्यांना काही दिसत नव्हते. मीटरचे एक टोक तारेच्या सुरुवातीला लावले, दुसऱ्या टोकाला टाचणी बांधून ती तारेच्या बरोबर मध्यावर वेष्टणातून टोचली. मीटरने रोध दाखवला, म्हणजे पहिला अर्धा भाग साबूत. मग उरलेल्या अर्ध्याच्या मध्यावर टोचली. येथे काही नाही, म्हणजे तूट या दोहोंच्या मध्ये. दर टोचणीला शोधाची लांबी निम्मी होते: चार मीटर, दोन, एक, मग पन्नास सेंटिमीटर, पंचवीस, साडेबारा. सहाव्या टोचणीला सहा सेंटिमीटरांत चोर गाठला. सरळ एका टोकापासून दर सहा सेंटिमीटरला टोचत गेलो असतो तर कितीतरी जास्त टोचण्या लागल्या असत्या. समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारायंत्राच्या केबलीत दोष किती मैलांवर आहे हे जुने अभियंते किनाऱ्यावर बसून रोध मोजून काढीत. त्यांच्या मानाने आमचे काम पोरखेळच.

तूट दरवाज्याकडच्या कडेला होती. चालक आत शिरताना नेमका तेथेच भार टाकून सरकतो. रोज वाकून वाकून तारेचे पदर एकेक करून तुटले होते. मी ती टोके तात्पुरती चिमट्याने जोडली, मध्ये १० अँपिअरचा फ्यूज घातला, बैठकीवर तांदळाचे पोते, त्याखाली तापमापक, आणि परिपथ पुरा केला. मीटरवर ६ अँपिअर! ताईने वरून चहाला हाक मारली. मी म्हणालो, "आलोच, ४१ ला बंद झालं की येतो."

४१ झाले. धारा ६ च. भाचा आकडे वाचत होता. ४४. ४६. "मामा, हे थांबत का नाही?" ४८. ५०. ५२ वर मी चिमटा ओढून काढला.

तापनियंत्रक शोधले. बैठकीच्या मधोमध ते चिकटवलेले होते खरे, पण त्याच्या दोन्ही बाजूंच्या तारा कोणीतरी कापून एकमेकींना पिळल्या होत्या आणि वर काळी पट्टी गुंडाळली होती. धारा तापनियंत्रकाला वळसा घालून जात होती. कोणी आणि का, याचा अंदाज करणे अवघड नाही. आधीच्या मालकाच्या वेळी आसन कोमट होऊ लागले. कोणा मिस्त्रीला वाटले की तापनियंत्रक लवकर बंद पडते आहे. त्याने ते वगळून टाकले. आसन तरीही कोमटच राहिले, कारण दोष अर्थाच्या स्क्रूत होता. त्याने तो शोधलाच नाही आणि कापलेली तारही पूर्ववत केली नाही.

यातली मेख पाहा. जोवर स्क्रू गंजलेला होता तोवर वगळलेले तापनियंत्रक निरुपद्रवी होते. साडेतीन वॅट कोणाला काय भाजणार? मी मोठ्या हुशारीने गंज घासला आणि पूर्ण ७२ वॅटचा मार्ग मोकळा केला. ती तार तुटलेली नसती, तर मी त्याच संध्याकाळी भाऊजींना "घ्या, झालं दुरुस्त!" म्हणून चालकाच्या जागी बसवले असते.

आणि भाऊजी? चहा पिताना मी सगळे सांगितले, तेव्हा ते सहज म्हणाले, "मला कळलं नसतं रे. ऑपरेशनपासून डाव्या मांडीची मागची बाजू बधिरच आहे. गरम पाण्याची पिशवीसुद्धा ताई तिकडे लावू देत नाही." माझ्या हातातला कप तसाच राहिला.

त्वचा भाजायला निखाराच लागतो असे नाही. १९४७ मध्ये मॉरिट्झ आणि हेन्रिकेस या अमेरिकन संशोधकांनी तापमान आणि वेळ यांचा संबंध मोजून प्रसिद्ध केला. त्वचा ४४ अंशांवर राहिली तर इजा व्हायला सुमारे सहा तास लागतात. त्यापुढे ५१ अंशांपर्यंत दर एका अंशाला हा वेळ जवळजवळ निम्मा होतो. तुम्ही भूमितीश्रेढी शिकला आहात, मांडून पाहा. ४५ ला तीन तास, ४६ ला दीड, ४७ ला पाऊण, ४८ ला बावीस-तेवीस मिनिटे. ५१ ला जेमतेम तीन मिनिटे. आमचा तापमापक ५२ दाखवत होता आणि भाऊजींचा रस्ता पस्तीस मिनिटांचा होता. आता तापमापकाचा आकडा म्हणजे त्वचेचे तापमान नव्हे, कारण जिवंत शरीरात रक्त उष्णता वाहून नेते, आणि मध्ये कपडेही असतात. पण भाराखाली दाबलेल्या भागात रक्त कमी फिरते, हेही विसरू नये. निरोगी माणूस चटका बसू लागताच बटण बंद करतो. ज्याला चटका कळतच नाही तो बसून राहतो. अर्धांगाने वा मधुमेहाने संवेदना गेलेल्या माणसांना अशा आसनांनी खोलवर भाजल्याच्या घटना घडल्या आहेत. अमेरिकेत २०११ मध्ये वाहनसुरक्षेसाठी झटणारी मंडळी आणि भाजलेल्यांवर उपचार करणारे डॉक्टर यांनी तेथील सरकारी खात्याकडे आसनांच्या तापमानाला मर्यादा घालावी अशी मागणी केली, ती यामुळेच.

भाचा अजून हरला नव्हता. "तापनियंत्रक परत जोडू, आणि तुटलेली टोकं पिळून टाकू," त्याने सुचवले. मी त्याला कागद दिला. पिळलेल्या जोडाचा रोध अवघा ०.१ ओहम धर. ६ अँपिअरचा वर्ग ३६, गुणिले ०.१, म्हणजे ३.६ वॅट, आणि तीही एका सेंटिमीटरात. चांगल्या तारेत ३६ वॅट चार मीटरांवर पसरतात, म्हणजे सेंटिमीटरमागे ०.०९ वॅट. जोडापाशी चाळीस पट! तापनियंत्रक बैठकीच्या मध्यभागी. त्याला कडेच्या या ठिणगीची खबरच लागणार नाही. डाख द्यावा तर नायक्रोमवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो, त्यावर डाख धरत नाही.

"मग तो खराब भाग सोडून द्यायचा. एक मीटर कमी तापली तर काय बिघडलं?" हा प्रश्न मला फार आवडला, कारण उत्तर अपेक्षेच्या उलट आहे. तार कमी केली की ती कमी तापत नाही, जास्त तापते. बैठकीच्या चार मीटरांतला एक मीटर गेला, तर तिचा रोध १ ऐवजी ०.७५ ओहम. पाठीचा १ ओहम धरून १.७५. धारा ६ वरून ६.८६ अँपिअर होते. उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे उरलेल्या तारेचा प्रत्येक सेंटिमीटर सुमारे ३१ टक्के अधिक तापणार. पाठ एकसर जोडलेली आहे म्हणून एवढ्यावर निभावले. बैठक एकटीच असती तर वाढ ७८ टक्के झाली असती. ती का, हे तुम्ही करून पाहा.

तेव्हा जोडाजोडीचा विचार सोडला. तापनियंत्रकासह बैठकीची नवी गादी मागवली. गॅरेजवाल्याने सांगितलेल्या रकमेच्या मानाने ती बरीच स्वस्त पडली. ती यायला सहा दिवस लागले. तेवढे दिवस त्या बाजूचा फ्यूज काढून मी माझ्या खिशात ठेवला.

गादी बसवण्याआधी तळघरात तेच पोते, तोच तापमापक. ४० अंशांवर धारा शून्य झाली, ३२ वर पुन्हा ६. भाच्याने पाच फेऱ्या मोजल्या. आकडे एक-दोन अंशांपलीकडे हलले नाहीत. आसन गाडीत बसले, पिवळा कनेक्टर बॅटरी सुटी असतानाच जोडला, अर्थाच्या स्क्रूवर गंज चढू नये म्हणून ग्रीस लावले. दुसऱ्या दिवशी भाऊजी कार्यालयातून परतले, तेव्हा ताईने आधी त्यांची मांडी पाहिली आणि मग जेवायला वाढले. कोठेही लालसरपणा नव्हता. तरीही ते आता घरून निघताना बटण लावतात आणि पहिल्या मोठ्या चौकात ते बंद करतात. चौक आठ मिनिटांवर आहे.

मी निघालो त्या संध्याकाळी भाच्याने वहीतून आणखी एक प्रश्न काढला. बैठक १ ओहम, पाठ १ ओहम. त्या एकसर जोडल्या आहेत. त्याऐवजी समांतर जोडल्या तर आसन किती वॅटचे होईल? उत्तर त्याने विमानतळावर पोचेपर्यंत काढले. तुम्हीही काढा, आणि त्या बाजूचा फ्यूज १० अँपिअरचा आहे हे लक्षात घेऊन पुढे काय होईल तेही लिहा.